कापडाच्या दुष्काळातील शाळकरी पोशाख : शहापूर व मुरबाड तालुक्यांचा वृत्तांत

ज्युबिलीच्या स्मरणिकेत चर्चची पायाभरणी, घंटेचे आगमन, धर्मगुरूंची नामावळी आणि शाळेच्या इमारतीची हकीकत या गोष्टी अगत्याने येतात, आणि त्या आल्याच पाहिजेत. परंतु त्या इमारतीत जी बालके येऊन बसली ती काय लेवून आली, हे लिहून ठेवण्याचे सहसा कोणास सुचत नाही. वस्त्र ही नित्याची वस्तू. ती विरते, फाटते, तिची गोधडी होते, आणि गोधडीही जीर्ण झाली म्हणजे तिचा इतिहास संपतो. तथापि शहापूर-मुरबाडसारख्या डोंगरी मुलखात वस्त्राचा प्रश्न हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हता. अंगावर धड वस्त्र असेल तर मूल शाळेच्या उंबऱ्यापर्यंत जाई. नसेल तर ते गुरांमागे रानात जाई. यास्तव दुसऱ्या महायुद्धाच्या काळी व त्यानंतरच्या दशकात येथील शाळकरी मुलांचा पोशाख कसकसा पालटत गेला, हे पाहणे म्हणजे शाळेचे दार कोणास केव्हा उघडले हेच पाहणे होय.

युद्धापूर्वीची स्थिती

हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. शहापूर तालुक्यातून मुंबई-आग्रा रस्ता आणि कसाऱ्याकडे चढत जाणारा लोहमार्ग जातो; येथील तानसा तलाव १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आला आहे. मुरबाड हा नाणेघाट व माळशेज घाट यांच्या तोंडाशी असलेला आणि देण्याघेण्यास कल्याणच्या बाजारपेठेवर विसंबून राहिलेला मुलूख. वस्ती मुख्यतः कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी व वारली यांची. हिंदुस्थान सरकारच्या १९३५ च्या कायद्यान्वये जे प्रदेश ‘अंशतः वगळलेले’ म्हणून ठरविण्यात आले, त्यांत शहापूर तालुका होता. म्हणजे येथील आदिवासींची स्थिती इतरांहून निराळी व बिकट आहे हे सरकारनेच मान्य केले होते. अशा प्रदेशांची पाहणी करून सिमिंग्टन या अधिकाऱ्याने जो अहवाल सादर केला, त्यात सावकारी कर्ज व वेठबिगार यांखाली दडपलेल्या या लोकांचे चित्र आढळते.

अशा मुलखात शाळकरी पोशाख असा एक नव्हता. जितक्या पायऱ्या समाजाच्या, तितक्या वस्त्राच्या. पेठेतील सुखवस्तू घरचा मुलगा धोतर किंवा चड्डी, सदरा, प्रसंगी वर कोट आणि डोक्यास टोपी अशा थाटात शाळेत येई. बोडक्या डोक्याने गुरुजींपुढे उभे राहणे हे त्या काळी असभ्यपणाचे समजत. अंगातील सदरा फाटका चाले, परंतु डोक्यावर टोपी हवी. कुणब्याच्या मुलाच्या अंगात बंडी अथवा कोपरी असे व कमरेस लंगोटी. चड्डी ही त्याच्या घरी शाळेमुळेच आली. ठाकूर, कातकरी व वारली यांच्या मुलांस लंगोटी हाच संपूर्ण पोशाख होता. मुलींपैकी ज्या थोड्या शाळेत येत त्या परकर-चोळी नेसून येत. परकर जाऊन लुगडे आले की शाळाही सुटली. पायांत कोणाच्याच काही नसे. पावसाळ्यात डोक्यावर इरले किंवा घोंगडीची खोळ घेऊन मुले चिखल तुडवीत येत, आणि ओल्या वस्त्रानेच दिवसभर बसत. कारण बदलण्यास दुसरे वस्त्र घरीही नसे.

१९३७ साली बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात अधिकारारूढ झाले. त्याच वर्षी वर्धा येथे मूलोद्योग शिक्षणाची कल्पना पुढे आली आणि काही शाळांतून टकळी फिरू लागली. खेड्यात एकशिक्षकी शाळा काढणाऱ्यांस साह्य देण्याचे धोरणही याच काळातले. मुरबाडला लागूनच असलेल्या कर्जत तालुक्यात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांनी गावोगावी शाळा व धान्यकोठारे उभारण्याचे कार्य चालविले होते. शाळा वाढू लागल्या तसतशी उघड्या अंगाची मुलेही शाळेच्या जवळ येऊ लागली. अशी आशादायक चिन्हे दिसत असतानाच सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

युद्ध आणि कापडाचा दुष्काळ

मुंबईच्या गिरण्या शहापुरापासून पन्नास-साठ मैलांवर. शेजारच्या भिवंडीत हातमाग पूर्वीपासून चालत आलेले, आणि यंत्रमागही सुरू झालेले. म्हणजे हे तालुके कापडाच्या कोठाराच्या दाराशीच बसलेले होते. असे असता येथेच कापडाचा दुष्काळ कसा पडला, हे समजून घेणे अवश्य आहे.

कारणे अनेक एकवटली. लष्कराला गणवेश, तंबू व पट्ट्या यांसाठी कापड हवे होते, आणि गिरण्यांच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा तिकडे वळला. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरताच स्वस्त जपानी कापड येणे बंद झाले. विलायती माल आधीच रोडावला होता. उलट मध्यपूर्व व आफ्रिका या बाजारांतील जपान-विलायतेची रिकामी जागा हिंदी कापडाने भरून काढली, आणि १९४२-४३ साली सुमारे ऐंशी कोटी वार कापड देशाबाहेर गेले. भिवंडीच्या विणकऱ्यास सूत मिळेना. व्यापाऱ्याने माल दडविला. परिणामी १९४३ च्या उन्हाळ्यापर्यंत कापडाच्या किमती युद्धापूर्वीच्या चौपटीहून अधिक झाल्या.

सरकारने जून १९४३ मध्ये सूत व कापड यांच्या नियंत्रणाचा हुकूम काढला. गिरणीतून निघणाऱ्या ठाणावर किंमत छापण्याची सक्ती झाली, आणि गरिबांसाठी ‘स्टँडर्ड’ नावाचे जाडेभरडे स्वस्त कापड विणून घेण्यात येऊ लागले. लोकांनी या सर्वांस एकच सुटसुटीत नाव दिले : कंट्रोलचे कापड. हे कापड तालुक्याच्या दुकानी येई. तेथे कुपन, रांग आणि ओळख या तीन गोष्टी लागत. कुपन सरकार देई, रांगेस दिवस मोडावा लागे, आणि ओळख डोंगरातल्या माणसाची कोणाशीही नसे. दिवसाची मजुरी बुडवून चार-पाच कोस चालत आलेला ठाकूर दुकानाशी पोचेतो कापड संपलेले असे. तेच कापड मागल्या दाराने दुप्पट-तिप्पट भावाने मिळे. काळा बाजार हा शब्द खेड्यातील निरक्षर माणसाच्याही तोंडी याच वर्षांत बसला. त्यातच भाताची लेव्ही आली. शेतकऱ्याने पिकविलेल्या धान्याचा ठरीव हिस्सा सरकारी भावाने द्यावा लागे, आणि हाती आलेल्या पैशात पूर्वीच्या निम्मेही वस्त्र येत नसे.

ही टंचाई घरात कोणाच्या वाट्यास आली, याचा एक साधा हिशेब मांडून पाहू. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत देशात उपलब्ध कापडाचे मान माणशी वर्षाला सुमारे बारा वारांवर आले होते. आजी, आई, बाप आणि दोन मुले अशा पाच माणसांच्या कुणबी कुटुंबास हा वाटा पुरता मिळाला असे धरले, तर एकंदर साठ वार झाले. दोघी स्त्रियांस वर्षाकाठी नऊ वारांची दोन-दोन लुगडी घेतली की छत्तीस वार गेले. बापास पाच वारांची दोन धोतरे, म्हणजे दहा. दोन सदरे, म्हणजे सुमारे सहा. उरले आठ वार. त्या आठ वारांत दोन मुलांचे सर्व वर्षाचे कपडे, चोळ्या, पांघरूण आणि घरात जन्मणाऱ्या बाळाचे दुपटे! आणि हा हिशेब पुरता वाटा मिळणाऱ्याचा व तो विकत घेऊ शकणाऱ्याचा आहे. ज्यास निम्माही मिळाला नाही त्याच्या मुलाच्या अंगावर काय राहिले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. आईबापांची माया कमी पडली असे नव्हे. परंतु बाजारात व शेतात जाणाऱ्या माणसाची लाज प्रथम झाकावी लागते, आणि मूल उघडे हिंडले तर त्यास कोणी हसत नाही. म्हणून कापडाच्या वाटणीत मुलाचा क्रम शेवटचा लागला.

१९१७ साली चंपारण्यात गांधीजींनी कस्तुरबांस खेड्यातील स्त्रियांना स्वच्छतेविषयी सांगण्यास धाडले, तेव्हा एकीने आपल्याजवळ अंगावरचे एकच लुगडे आहे, ते धुवावे तरी कसे, असा प्रश्न केल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. पंचवीस वर्षांनी हाच प्रश्न ठाणे जिल्ह्यातील शाळामास्तरांपुढे उभा राहिला. स्वच्छ कपडे घालून यावे असा धडा पुस्तकात होता. परंतु मुलाजवळ एकच सदरा असता तो धुण्यासाठी त्याने शाळा चुकवावी, की मळका सदरा घालून छडी खावी?

घराघरांतील युक्त्या

गरज ही मोठी शिक्षिका आहे. त्या वर्षांत घरोघर जुन्याचे नवे करण्याची विद्या वाढीस लागली. आईच्या लुगड्याचा पदर व काठ शाबूत असले म्हणजे त्यांतून मुलीचा परकर निघे. बापाच्या धोतराचा बरा भाग मुलाच्या सदऱ्यास जाई. थोरल्याचे धाकट्यास, धाकट्याचे शेंडेफळास, आणि शेवटी सर्वांचे गोधडीस, असा वस्त्राचा प्रवास असे. नवे वस्त्र शिवावयाचेच झाले तर ते वाढत्या अंगाचे शिवीत. चड्डी गुडघ्याखाली लोंबे, बाह्या कोपराखाली येत, आणि परकरास खाली दुहेरी घडी घालून ठेवीत, म्हणजे मुलगी जशी उंच होईल तशी ती घडी उसवावी. पाटीवर ओळ गिरवणाऱ्या मुलास आपले वय सांगता आले नाही तरी त्याच्या चड्डीची लांबी पाहून ती केव्हा शिवली हे मास्तरांस ओळखता यावे, असा तो काळ होता.

ठिगळ लावण्यात लाज उरली नाही. पेठेतील मुलाच्या सदऱ्यालाही ठिगळ दिसू लागले, आणि या एका बाबतीत टंचाईने थोडी समता आणली असे म्हणावेसे वाटते. मांजरपाटाचा एकच तागा घेऊन घरातील सर्व भावंडांस एकाच कापडाचे कपडे शिवण्याची पद्धत होतीच. आता ती आळीभर दिसू लागली, कारण दुकानी एकाच जातीचे कापड येई. कोट गेला. धोतर नेसून शाळेत येणारी मुले कमी झाली, कारण धोतरास जितके कापड लागते तितक्यात दोन-तीन चड्ड्या निघतात. गुंड्या मिळेनाशा झाल्या तेव्हा नाडीवर भागले. साबणाऐवजी राख व रिठे वापरात आले. परंतु ही समता वरून खाली उतरली, खालून वर चढली नाही. पेठेतील मुलाचा कोट गेला, तरी सदरा राहिला; कातकऱ्याच्या मुलाजवळ जाण्यासारखे काही नव्हतेच. कातकऱ्याने जंगलात पाडलेला कोळसा मुंबईच्या चुलींस आणि पेट्रोलच्या अभावी कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या मोटारींस गेला. त्याच्या मजुरीत मुलास हातभर कापड आले नाही.

सर्व जगाचीच त्या काळी अशी स्थिती होती. इंग्लंडात १ जून १९४१ पासून कपड्यांची कुपने सुरू झाली ती मार्च १९४९ पर्यंत टिकली; पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने मिळत, आणि जुने दुरुस्त करून वापरा असा उपदेश सरकार करी. आपल्या मराठी मुलखात, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे, १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले, आणि बहुतेक आपल्याच कॅथलिक श्रद्धेचे. रशियातील हद्दपारीतून सुटून ही माणसे १९४२ साली इराणच्या किनाऱ्यास लागली तेव्हा उवा व टायफस यांच्या भयाने त्यांच्या अंगावरच्या चिंध्या जाळून त्यांस नवे कपडे द्यावे लागले. त्या मुलांस वळिवड्यास शाळा मिळाल्या, बालवीरांची पथके मिळाली, प्रार्थनामंदिर मिळाले. तथापि एक भेद ध्यानी घेण्यासारखा आहे. इंग्लंडातील मुलाचा वाटा कुपनावर लिहिलेला होता, पोलिश मुलाचा भार छावणीने उचलला होता. शहापूर-मुरबाडच्या डोंगरातील मुलाचा वाटा मात्र कोणाच्याच वहीत पक्का नव्हता.

खाकीचा शिरकाव

युद्धाने या भागातील मुलांस जी एक टिकाऊ वस्तू दिली ती म्हणजे खाकी चड्डी. खाकी रंग पोलिस, टपालवाला व जंगलखात्याचा रखवालदार यांच्या अंगावर पूर्वीही दिसे, आणि रानात राहणाऱ्या माणसास तो रंग भीतीचा होता. बालवीर पथकांमुळे शहरी शाळांतून खाकी चड्डी परिचित झाली होती. परंतु ती खेड्यातील घरात शिरली ती युद्धामुळे. कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी वसली. घाटावर देवळालीस लष्करी ठाणे होतेच. आणि या दोहोंमधला रस्ता व लोहमार्ग शहापूर तालुक्यातून जात असल्याने सैनिकांच्या गाड्या ही नित्याची बाब झाली. युद्ध संपल्यावर लष्कराचा शिलकी माल विक्रीस निघाला, आणि सैन्यातून परतलेल्या शिपायांनी आपले जुने गणवेश घरी आणले. शिपायाच्या जुन्या विजारीतून मुलाची एक चड्डी सहज निघे.

या कापडाचे गुणही शाळेस सोयीचे होते. ड्रिलची वीण घट्ट, म्हणून जमिनीवर बसून घासले तरी ते लवकर विरत नाही. रंग धुळीचा, म्हणून मळ दिसत नाही. एका वस्त्रावर आठवडा काढणाऱ्या मुलास याहून योग्य कापड कोणते? जो रंग आईबापांस जंगलाच्या शिपायाची आठवण देई, तोच मुलाच्या अंगी शाळेची खूण होऊन बसला.

टोपीची कथा याहून विलक्षण आहे. पांढरी गांधी टोपी १९४२ च्या चळवळीत सरकारच्या नजरेत संशयाची निशाणी होती. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल व त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांस हौतात्म्य आले, आणि या टापूत दहशत पसरली. ज्याने गावोगावी मुलांसाठी शाळा काढल्या तो माणूस याच डोंगरात पडला. पुढे अवघ्या चार-पाच वर्षांत, स्वातंत्र्य आल्यावर, तीच टोपी शाळेच्या पोशाखाचा भाग झाली. पांढरा सदरा, खाकी अर्धी चड्डी व पांढरी टोपी हा पोशाख स्वतंत्र भारताच्या खेड्यातील विद्यार्थ्याची ओळख झाला. त्यातील चड्डी लष्कराची व टोपी सत्याग्रहींची; ज्या दोन वस्तू १९४२ साली समोरासमोर उभ्या होत्या त्या एका लहान मुलाच्या अंगावर गुण्यागोविंदाने नांदू लागल्या.

कंट्रोल, निर्वासित आणि नवे बाजार

युद्ध १९४५ साली संपले, तरी टंचाई संपली नाही. उलट कापडाच्या वाटपाचे निर्बंध अधिक काटेकोर झाले. नियंत्रणामुळेच लबाडी माजते असा पक्ष गांधीजींनी मांडला होता, आणि जानेवारी १९४८ मध्ये कापडावरील कंट्रोल उठला. लोकांस आनंद झाला, परंतु तो क्षणिक ठरला. भाव एकदम वर चढले, आणि जुलैच्या अखेरीस सरकारला पुन्हा नियंत्रण बसवावे लागले. म्हणजे त्या वर्षी जून महिन्यात, शाळा उघडण्याच्या ऐन वेळी, कापड खुले होते परंतु गरिबाच्या आवाक्याबाहेर होते. पुढे पहिल्या पंचवार्षिक योजनेने माणशी वर्षाला पंधरा वार कापड हे उद्दिष्ट ठेवले. यावरून युद्धापूर्वीची साधी पातळी परत गाठण्यासच देशास किती वर्षे लागली हे दिसून येते.

याच काळात कल्याणची ओस पडलेली लष्करी छावणी पुन्हा माणसांनी भरली. फाळणीमुळे सर्वस्व सोडून आलेले सिंधी बांधव सुमारे लाखाच्या संख्येने तेथील बराकींत येऊन राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. मुरबाडहून कल्याणास जाणारा रस्ता या वसाहतीच्या कडेनेच जातो. उद्योगी निर्वासितांनी कापडाचा व शिवलेल्या कपड्यांचा व्यापार मांडला, आणि तयार कपडा ही नवी वस्तू या रस्त्याने खेड्यांत पोचू लागली. तोपर्यंत सदरा म्हणजे कापड घेऊन शिंप्याकडे द्यावयाचा, आणि शिंप्याने तो सणापूर्वी द्यावयाचा, अशी रीत होती. आता आठवड्याच्या बाजारात दोरीवर टांगलेला सदरा अंगास लावून पाहावा आणि त्याच पावली घरी न्यावा, असे झाले. जून १९४८ मध्ये मुंबई राज्यात सरकारी एस. टी. सुरू झाली आणि पुढील वर्षांत तिचे जाळे पसरले, तसा हा माल आणखी आतवर गेला. ज्या छावणीने युद्धकाळी खाकी आणली, तिच्याच बराकींनी शांततेच्या काळी स्वस्त कपडे दिले, हा योग नोंदविण्यासारखा आहे. आणि ते कपडे विकणारे स्वतः घरदार गमावलेले होते, हेही विसरता कामा नये.

टोपी, परकर आणि गणवेश

१९४७ साली मुंबई प्रांताचा नवा प्राथमिक शिक्षण कायदा झाला. मुलांनी शाळेत आलेच पाहिजे असे कायदा सांगू लागला. परंतु मुलाने काय घालून यावे याची तजवीज कायद्यात नव्हती. ती उणीव काही लोकसेवकांनी ओळखली. बाळासाहेब खेर यांनी १९४० साली स्थापिलेल्या आदिवासी सेवा मंडळाने ठाणे जिल्ह्यात शाळा व वसतिगृहे चालविली; जेथे मुलाच्या राहण्याजेवणाची सोय झाली, तेथे वस्त्राचा प्रश्नही आपोआप संस्थेचा झाला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढविले. हे ठिकाण आपल्या तालुक्यांपासून दूर, डहाणूकडे. परंतु तेथे उमगलेले सत्य सर्वच डोंगरी भागास लागू पडते. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, त्याच्या अंगणात बसावे, गुरे चारण्याच्या कुरणात बसावे, असा मार्ग त्यांनी दाखविला. अंगणातल्या शाळेस गणवेश लागत नाही. तेथे प्रथम न्हाऊमाखू घालणे व केस विंचरणे हाच पहिला धडा होता.

मुलींच्या पोशाखात बदल सावकाश झाला. परकर-पोलके पुष्कळ वर्षे टिकले. पुढे झगा व मग पांढरे पोलके व निळा अथवा हिरवा झगा आला. या बदलाचे मोल मोठे आहे. लुगडे नेसली की मुलगी मोठी झाली, असा जो समज होता, त्यास झग्याने धक्का दिला. झग्यात असलेली मुलगी अजून विद्यार्थिनी आहे, असे घरातील वडील माणसेही मानू लागली. एखाद-दोन वर्षे का होईना, तिचे शिक्षण लांबले. मुलांची टोपी मात्र १९७० नंतर हळूहळू उतरली. १९६५ साली ठाण्यातच टेरीन या पॉलिएस्टर तंतूचा कारखाना सुरू झाला, आणि पुढे टेरिकॉटचे न विटणारे, न चुरगळणारे कापड शाळांत आले. रात्री धुतले तर सकाळी वाळते, हा त्याचा गुण एकच जोड असलेल्या मुलास सर्वांत उपकारक ठरला.

गणवेश कशासाठी? गरीब-श्रीमंत हा भेद झाकला जावा म्हणून, असे त्याचे उत्तर देण्यात येते, आणि ते खरेही आहे. परंतु गणवेश हे दुधारी शस्त्र आहे. सर्वांजवळ असेल तर तो भेद झाकतो. एकाजवळ नसेल तर तोच भेद दुरूनही दिसू लागतो. लंगोटीच्या काळात उघडे मूल अनेकांतले एक होते. गणवेशाच्या काळात गणवेशावाचूनचे मूल एकटे पडले, आणि एकटे पडलेले मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही. म्हणून गणवेश सक्तीचा करण्यापूर्वी तो मिळण्याची हमी देणे हा न्याय आहे. हा न्याय सरकारी व्यवस्थेत यावयास फार वर्षे लागली. सर्व शिक्षा अभियानातून सर्व मुलींस, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालील मुलांस वर्षाला दोन गणवेश देण्याची योजना आली. तरीही २०२४-२५ साली सबंध राज्यास एकच गणवेश देण्याचे ठरले असता, शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी अनेक गावी कपडे पोचले नाहीत, आणि ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवावे लागले. कापड पुष्कळ झाले. परंतु रस्त्याच्या शेवटच्या टोकाच्या मुलापर्यंत ते वेळेवर नेण्याची अडचण १९४३ साली होती तशीच आहे.

या इतिहासापासून घ्यावयाचा बोध

वरील वृत्तांतावरून एक गोष्ट स्पष्ट होते. टंचाई आली तेव्हा कापड प्रथम मुलाच्या अंगावरून गेले, आणि सुबत्ता आली तेव्हा ते शेवटी त्याच्या अंगावर आले. त्यातही पेठेतल्या मुलास आधी, पाड्यावरच्या मुलास मागाहून. हा क्रम कोणी दुष्टपणाने ठरविला नव्हता. ज्याचा वाटा कोणी राखून ठेवीत नाही त्याच्या वाट्यास उरलेले येते, एवढाच त्याचा अर्थ. उघड्यास वस्त्र देणे हे आपल्या धर्मशिकवणुकीत दयेच्या कृत्यांपैकी एक म्हणून लहानपणीच शिकविले जाते. वरील इतिहास त्यास इतकीच जोड देतो की, वस्त्र नुसते द्यावयाचे नसून वेळेवर द्यावयाचे असते. ऑगस्टात मिळालेल्या सदऱ्याने जूनमध्ये गळालेले मूल परत येत नाही.

ज्युबिलीच्या निमित्ताने धर्मग्रामातील मंडळींस दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली ही की, घरोघरच्या पेट्यांतून पहिल्या कम्युनियनची, शाळेच्या वर्गांची व लग्नसमारंभांची जी जुनी छायाचित्रे पडून आहेत, ती एकत्र करून त्यांच्या पाठीवर वर्ष व गाव लिहून ठेवावे. त्यांतील मुलांचे कपडे निरखून पाहिले तर कंट्रोलचे कापड, वाढत्या अंगाची चड्डी, थोरल्या बहिणीचा झगा ही सर्व ओळखू येतील. आणि ज्या वृद्ध मंडळींनी ते दिवस पाहिले त्यांच्या तोंडून चार शब्द वेळीच टिपून घेता येतील. दुसरी सूचना अशी की, शाळेच्या मदतीसाठी दरवर्षी जो निधी गोळा होतो त्यातील वस्त्रांचा भाग मे महिन्यातच वेगळा काढावा, शिवणवर्गातील भगिनींकडून तो शिवून घ्यावा, आणि शाळेची पहिली घंटा होण्यापूर्वी तो पाड्यांपर्यंत पोचवावा. कोणाच्या घरी किती मुले आहेत व कोणाजवळ धड जोड नाही, हे सरकारपेक्षा शेजाऱ्यास अधिक ठाऊक असते. ती माहिती हीच आपली शिदोरी. तिचा उपयोग जून उजाडण्यापूर्वी करावा, म्हणजे झाले.